सूर्य सगळ्यांचा, पण सौरऊर्जेत आपला वाटा किती?

जून २०२५ मध्ये भारताने ऊर्जेच्या क्षेत्रात एक महत्त्वाचा टप्पा गाठला. देशात वीज तयार करण्याची जी एकूण उभारलेली क्षमता आहे, तिच्यातील निम्मा भाग आता कोळसा, गॅस आणि डिझेल सोडून इतर स्रोतांचा आहे. सौर, पवन, जल आणि अणुऊर्जा मिळून हा निम्मा वाटा होतो. पॅरिस करारात हे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले होते. ते पाच वर्षे आधीच पूर्ण झाले, म्हणून सरकारने त्याचे स्वागत केले आणि वर्तमानपत्रांनी मथळे दिले.

आपल्या वस्त्यांमध्ये मात्र या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. हवामान बदल, कार्बन, हरित ऊर्जा हे शब्द शहरातल्या सभागृहांत ऐकू येतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीत चर्चा असते ती वाढलेल्या वीजबिलाची, पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये न सोसणाऱ्या उन्हाची आणि गायरानावर मोजणी करायला आलेल्या माणसांची. खरे पाहता हे तिन्ही विषय त्याच बातमीचे भाग आहेत. म्हणून हा बदल नेमका काय आहे, तो कोण घडवते आहे आणि त्यात भूमिहीन, शेतमजूर, कंत्राटी कामगार यांचे स्थान काय, हे समजून घेतले पाहिजे.

जगात नेमके काय बदलते आहे?

सौरऊर्जा पंधरा वर्षांपूर्वी श्रीमंत देशांची हौस समजली जात होती. २०१० मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले, तेव्हा पहिल्या लिलावांत सौर विजेचा दर युनिटला दहा रुपयांच्या वर होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला सौर पार्कच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. नव्या कोळसा प्रकल्पाची वीज या दरात मिळत नाही. सौर पॅनेलच्या किमती एका दशकात सुमारे ९० टक्क्यांनी घसरल्या, हे यामागचे मुख्य कारण. कारखाने मोठे झाले, तंत्र सुधारले आणि चीनने प्रचंड प्रमाणात उत्पादन केले.

२०२४ या एका वर्षात जगभरात सुमारे ५८५ गिगावॅट इतकी नवी अक्षय ऊर्जा क्षमता उभी राहिली. त्या वर्षी जगात वीजनिर्मितीची जी नवी क्षमता आली, तिच्यातील ९० टक्क्यांहून अधिक हीच होती. यातील निम्म्याहून जास्त भर एकट्या चीनने घातली. त्याच वर्षी जगातील एकूण विजेपैकी ४० टक्क्यांहून थोडी अधिक वीज कोळसा, तेल आणि गॅस न जाळता तयार झाली.

पण २०२४ हेच आतापर्यंतचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार त्या वर्षीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या काळाशी तुलना करता सुमारे दीड अंशाने जास्त होते. बदल वेगाने होतो आहे, तरी तो पुरेसा नाही, असाच याचा अर्थ.

क्षमता निम्मी, वीज मात्र निम्मी नाही

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण आकड्यांचा खेळ इथेच होतो. क्षमता म्हणजे कारखाना पूर्ण जोमाने चालला तर किती वीज देईल याचे माप. प्रत्यक्ष वीज त्यापेक्षा कमी असते. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला साधारण १५ ते १६ लाख युनिट वीज देतो, कारण रात्री आणि ढगाळ दिवसांत तो थांबतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळशावरचा संच नीट चालला तर याच्या तीन-चार पट वीज देऊ शकतो. त्यामुळे क्षमतेत निम्मा वाटा असूनही देशात प्रत्यक्ष वापरली जाणारी सुमारे ७० टक्के वीज अजून कोळशापासूनच येते.

सूर्य मावळल्यावर दिवे, पंखे, टीव्ही सगळे एकदम सुरू होतात. तेव्हाची गरज भागवायची तर दिवसाची वीज साठवून ठेवावी लागते. मोठ्या बॅटऱ्या आणि धरणातले पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारे उदंचन जलविद्युत प्रकल्प हे त्याचे दोन मुख्य मार्ग. पुढच्या दहा वर्षांत ऊर्जेचे खरे राजकारण या साठवणुकीभोवती, वीजवाहिन्यांभोवती आणि जमिनीभोवती फिरणार आहे.

विजेचा प्रश्न बाबासाहेबांनी कसा मांडला होता

विजेकडे सामाजिक प्रश्न म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याला उसनी आणावी लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. सिंचन आणि वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा संबंध थेट दारिद्र्याशी जोडला. शेतीवर प्रमाणाबाहेर माणसे अवलंबून आहेत, त्यांना उद्योगांत सामावून घ्यायचे तर स्वस्त आणि मुबलक वीज हवी, आणि ती देण्याचे काम खासगी कंपन्यांवर सोडायचे की सरकारने करायचे, हा प्रश्न त्यांनी समितीसमोर ठेवला. त्यांच्याच कार्यकाळात केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले आणि दामोदर खोरे प्रकल्पाची आखणी झाली.

पुढे १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत आणि शेतजमीन जात-धर्माचा भेद न करता गावातल्या लोकांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, अशी मांडणी केली. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही प्रकार नाहीसे व्हावेत, हा त्यामागचा हेतू होता. साधन कोणाच्या मालकीचे, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. सौरऊर्जेबद्दलही आपण तोच विचारायला हवा.

देश एकत्र आले, पण भार कोणावर?

हवामान बदल एकट्या देशाला थांबवता येत नाही. नागपूरजवळच्या चिमणीतला धूर आणि अमेरिकेतल्या मोटारीचा धूर एकाच आकाशात जातो. म्हणून १९९२ च्या रिओ परिषदेत जबाबदारी सर्वांची, पण प्रत्येकाच्या वाट्याला ती सारखी नाही, हे तत्त्व मान्य झाले. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून श्रीमंती मिळवली त्यांनी जास्त भार उचलावा, असा त्याचा अर्थ. आजही एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत ठरतो. एका अमेरिकन माणसाचा आकडा त्याच्या सहा-सात पट आहे.

२०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट स्वतः ठरवले. त्याच परिषदेच्या वेळी भारत आणि फ्रान्सने आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा केली. तिचे मुख्यालय गुरुग्रामला आहे आणि शंभराहून अधिक देश तिच्यात सामील झाले आहेत. २०२२ मध्ये गरीब देशांच्या हानीची भरपाई करण्यासाठी वेगळा निधी मान्य झाला. २०२३ च्या दुबई परिषदेत २०३० पर्यंत जगाची अक्षय ऊर्जा क्षमता तिप्पट करायचे ठरले. पैशाचा विषय निघाला की मात्र हात आखडतात. २०२४ च्या बाकू परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची गरज मांडली होती. श्रीमंत देशांनी पुढाकार घेऊन २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करायचे, एवढ्यावर तडजोड झाली.

या परिषदांत भारत सरकार न्यायाची भाषा बोलते आणि ते योग्यच आहे. ज्याने कमी प्रदूषण केले त्याच्यावर जास्त बोजा टाकू नका, हा आपला युक्तिवाद. पण जो न्याय आपण अमेरिकेकडे मागतो, तोच देशाच्या आतही लागू व्हायला हवा. ज्या वस्तीत एक बल्ब, एक पंखा आणि एक मोबाइल चालतो, तिने हवामान बदलात काडीचाही हातभार लावलेला नाही. तरी उन्हाचा पहिला तडाखा तिलाच बसतो. बांधकामावर, वीटभट्टीवर आणि शेतात उन्हात राबणारा माणूस तिथेच राहतो. मग उपायाचा बोजाही तिच्याच डोक्यावर यावा का?

महाराष्ट्रात काय चालले आहे?

आपल्या राज्यात सध्याचा सर्वांत मोठा सौर कार्यक्रम म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि २०२३ मध्ये '२.०' या नावाने वाढवली गेली. कल्पना साधी आहे. गावाजवळच्या वीज उपकेंद्रालगत अर्धा ते २५ मेगावॅटचे छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज शेतीपंपांच्या वाहिन्यांना दिवसा द्यायची. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यातले धोंदलगाव हे दुसऱ्या टप्प्यात प्रथम सुरू झालेल्या प्रकल्पाचे गाव. राज्यभराचे उद्दिष्ट आता सुमारे १६,००० मेगावॅटपर्यंत गेले आहे.

या योजनेचा फायदा खरा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. शेतीला रात्रीची वीज मिळाली की माणसाला अंधारात बॅटरी घेऊन पाणी धरायला जावे लागते. सापाचे, विंचवाचे, विजेच्या धक्क्याचे भय असते. हे पाणी धरणारे हात पुष्कळदा सालगड्याचे किंवा मजुराचे असतात. दिवसा वीज मिळाली तर त्याचाही जीव वाचतो. शिवाय कोळशाच्या विजेला पाणीही फार लागते. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. सौर पॅनेलला पाणी लागते ते फक्त धुण्यापुरते.

प्रश्न जमिनीचा आहे. एक मेगावॅटसाठी साधारण चार ते पाच एकर जागा लागते. १६,००० मेगावॅटचा हिशेब केला तर ६४,००० ते ८०,००० एकर होतात. ही जमीन दोन मार्गांनी येते. खासगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ होते. एकरी हिशेब केला तर हे पन्नास हजार रुपये होतात. कोरडवाहू पिकाच्या मानाने ही रक्कम वाईट नाही. दुसरा मार्ग सरकारी जमिनीचा. ती नाममात्र भाड्याने प्रकल्पाला दिली जाते. ज्या गावात प्रकल्प येतो त्या ग्रामपंचायतीला सार्वजनिक सोयींसाठी वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षांत पंधरा लाख रुपये मिळतात.

आता या हिशेबात भूमिहीन कुटुंब शोधून पाहा. जमीनमालकाला भाडे मिळते, कंपनीला वीजविक्रीचे उत्पन्न, शेतकऱ्याला दिवसाची वीज आणि ग्रामपंचायतीला निधी. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा रकाना रिकामा राहतो.

गायरान म्हणजे ओसाड जागा नव्हे

खेड्यातली सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान. कागदावर ती गुरांसाठी राखलेली पडीक जागा असते. प्रत्यक्षात मराठवाडा आणि विदर्भातल्या अनेक गावांत त्याच जमिनीचे तुकडे दलित, बौद्ध, मातंग, भटके-विमुक्त आणि आदिवासी कुटुंबे दोन-तीन पिढ्या कसत आली आहेत. दगडगोटे वेचून, बांध घालून त्यांनी ती पिकाखाली आणली.

यामागे मोठा इतिहास आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर पुन्हा सत्याग्रह केला, लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गायरान हक्काची चळवळ गावोगावी नेली. या रेट्यामुळेच २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. निर्णयातली ती तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची आठवण देते. पण कित्येक कुटुंबांची नावे अजून सातबाऱ्यावर चढलेली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. तेव्हाही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद निकालात नोंदवला होता. अंमलबजावणीच्या वेळी हा अपवाद सहज विसरला जातो.

अशा जमिनीवर सौर प्रकल्प मंजूर झाला तर काय होते? मोबदला कायदेशीर धारकाला मिळतो. कागदावर धारक सरकार असल्याने कसणाऱ्याला नोटीस येते आणि भरपाई मिळत नाही. ज्यांच्या शेळ्या त्या माळावर चरतात, ज्या बाया तिथून सरपण आणतात, त्यांची तर नोंदच कुठे नसते. तारेचे कुंपण पडले की तिथली पायवाटही बंद होते.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. लडाखमधील चांगथांगच्या पठारावर पांग परिसरात १३ गिगावॅटचा अक्षय ऊर्जा प्रकल्प आखला आहे. त्याची वीज बाहेर नेणाऱ्या वाहिनीला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथले चांगपा हे पशमिना शेळ्या पाळणारे भटके मेंढपाळ आहेत आणि बहुसंख्य बौद्ध आहेत. सरकारी कागदांत त्यांचे कुरणही रिकामी जागा म्हणूनच दिसते. मार्च २०२४ मध्ये सोनम वांगचुक यांनी लेहमध्ये २१ दिवसांचे उपोषण केले, तेव्हा मांडलेल्या मुद्द्यांत ही कुरणे जाण्याची भीती होती. वांगचुक स्वतः सौरऊर्जेवर इमारती उबदार ठेवण्याचे तंत्र वर्षानुवर्षे शिकवत आले आहेत. त्यांना सौरविरोधी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. प्रकल्प व्हावा, पण जमिनीवरच्या माणसाला विचारून व्हावा, एवढेच तिथल्या लोकांचे म्हणणे आहे.

सहकाराने वाट निघू शकते

विरोध करणे आणि गप्प बसणे, याखेरीज तिसरी वाटही आहे. ती मालकीत वाटा मागण्याची. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी या गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी संस्था केली. पंपाला लागून उरलेली वीज ते मिळून वीज कंपनीला विकू लागले. डिझेल सुटले, पाण्याचा अपव्यय टळला, कारण वाचवलेल्या विजेचेही पैसे येऊ लागले.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ २००० साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यातील दहा आठ हजारांहून अधिक सामान्य नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. २००९ मध्ये लागू झालेल्या कायद्याने तर नव्या पवन प्रकल्पातील किमान २० टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना विकत घेण्यासाठी देऊ करणे बंधनकारक केले. आपल्या गावात असा नियम असता तर?

सहकार म्हटले की सर्व काही आपोआप चांगले होते, असा भाबडेपणा नको. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सुमारे चार दशके वीज वाटली आणि थकबाकीच्या डोंगराखाली २०११ मध्ये तिचे काम महावितरणकडे गेले. साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांत आपली माणसे किती दिसतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. म्हणून सहकारी संस्था काढायची तर तिच्यात भूमिहीनांसाठी भाग राखलेले हवेत, आणि भागाची रक्कम सामाजिक न्याय विभागाच्या निधीतून भरण्याची मागणी करता येते. कसणाऱ्या कुटुंबाने सामायिक जमीन प्रकल्पाला देण्यास संमती दिली, तर हेक्टरी सव्वा लाखाचे भाडे त्यालाच मिळाले पाहिजे. ही मागणी अवास्तव नाही. खासगी मालकाला जो दर मिळतो, तोच दर इथे मागायचा आहे.

छतावरची वीज आणि पत्र्याचे घर

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. घराच्या छतावर एक किलोवॅटची यंत्रणा बसवली तर ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि महिन्याला शंभर ते सव्वाशे युनिट वीज मिळते. लहान कुटुंबाची गरज तेवढ्यात भागते.

२०२५ मध्ये राज्य सरकारने 'स्मार्ट' या नावाने पूरक योजना आणली, ती आपल्या कामाची आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात. महिना शंभर युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना राज्याकडून १५,००० रुपये मिळतात. यंत्रणेची किंमत पन्नास हजारांच्या आसपास धरली तर स्वतःचा हिस्सा काही हजारांवर येतो.

अडचण अशी की, पॅनेल बसवायला पक्के छत हवे, वीजजोडणी आपल्या नावावर हवी आणि जुनी थकबाकी नको. पत्र्याच्या, कुडाच्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्याला यांतले एकही साधत नाही. शेतीपंपाचेही तसेच. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला फक्त पाच टक्के हिस्सा भरावा लागतो, इतरांना दहा टक्के. पण त्यासाठी नावावर जमीन आणि पाण्याचा स्रोत लागतो. म्हणून घरकुल, जमीन आणि सौर योजना यांच्या मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना कागदावर २००४ पासून आहे. तिच्या अंमलबजावणीशिवाय सौर पंपाची सवलत हाती लागणार नाही.

दीक्षाभूमीच्या शहरांभोवतीचा कोळसा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षेचे सोहळे झाले. आज ही दोन्ही शहरे महाराष्ट्राच्या कोळसा पट्ट्याची केंद्रे आहेत. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे, राज्यातले महानिर्मितीचे ते मोठे केंद्र आहे. नागपूरच्या वेशीवर कोराडी आणि खापरखेडा आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत आणि वस्त्यांत शिरले. राख, धूळ आणि दूषित पाणी इथल्या लोकांच्या नित्य जगण्याचा भाग झाले आहे.

त्याच वेळी याच केंद्रांवर आणि वेकोलिच्या खाणींवर हजारो घरांच्या चुली पेटतात. कायम कामगाराला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि संघटना असते. कंत्राटी कामगार, ट्रकवरचा हमाल, राख वाहणारा, गेटसमोरचा चहावाला यांना यातले काहीच नसते. एखादा जुना संच बंद होतो तेव्हा हेच आधी बाहेर पडतात. दक्षिण आफ्रिकेसाठी २०२१ च्या ग्लासगो परिषदेत कोळशापासून बाहेर पडताना कामगारांना सांभाळण्यासाठी साडेआठ अब्ज डॉलरच्या मदतीची घोषणा झाली. झारखंड सरकारनेही या बदलाचा अभ्यास करण्यासाठी कृती दल नेमले. महाराष्ट्रात कोळसा केंद्रांलगतच्या कंत्राटी कामगारांची नावानिशी नोंद आजच झाली पाहिजे. संच बंद झाल्यावर कोण कामाला होते, हे सिद्ध करणे अवघड जाते.

सौर क्षेत्रात नवी कामे आहेत. पॅनेल बसवणे, तारजोडणी, देखभाल यांसाठी केंद्राचा 'सूर्यमित्र' प्रशिक्षण कार्यक्रम २०१५ पासून चालतो. आयटीआय झालेल्या मुला-मुलींना तो उपयोगी आहे. मात्र ही कामे मुख्यतः उभारणीच्या काळातली असतात. प्रकल्प उभा राहिला की पहारेकरी आणि पॅनेल धुणारे एवढेच लोक उरतात. पंचवीस वर्षांनी निकामी झालेले पॅनेल कोण फोडणार, हेही आताच विचारावे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला आहे. हा कचरा हातमोज्यांशिवाय फोडण्याचे काम पुन्हा त्याच जातींच्या वाट्याला येऊ नये.

गावात काय करता येईल?

पहिले काम कागदाचे. आपल्या कुटुंबाची गायरानावरील वहिवाट गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमण नोंदवहीत आहे का, हे तलाठ्याकडे पाहून घ्यावे आणि नक्कल काढून ठेवावी. दंडाच्या पावत्या, जुने पीकपाहणीचे उतारे, १९९१ नंतर केलेले अर्ज हे सर्व एका फाइलमध्ये असावे. दंडाची जुनी पावती हाच पुष्कळदा कसत असल्याचा सर्वांत पक्का पुरावा ठरतो.

दुसरे काम ग्रामसभेचे. गावात सौर प्रकल्प प्रस्तावित आहे का, कोणत्या गटात आहे आणि तिथे कोण कसते, हे ग्रामसभेत लेखी विचारावे. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज करावा. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधरा लाखांतून काय करायचे, याची चर्चा वस्तीतल्या लोकांनी लावून धरावी. वस्तीतल्या गल्ल्यांचे दिवे, समाजमंदिरातील अभ्यासिकेला वीज, पिण्याच्या पाण्याची मोटर यांवर हा पैसा लागू शकतो.

तिसरे काम एकत्र येण्याचे. योजनेचे अर्ज एकेकट्याने भरले की कार्यालयाच्या चकरा वाढतात. रविवारच्या वंदनेनंतर विहारात तासभर बसून दहा घरांचे अर्ज एकदम भरता येतात. महिला बचत गट सौर कामाचे प्रशिक्षण घेऊ शकतो. कसणाऱ्या कुटुंबांची समिती असेल तर प्रकल्पवाल्यांशी बोलणीही एका आवाजात होते, आणि माळावर मोजणीवाले आले तर त्यांच्यासमोर एकटा माणूस उभा राहत नाही.

२०१५ च्या पॅरिस परिषदेपूर्वी दलाई लामा आणि थिक न्हात हान यांच्यासह जगभरच्या बौद्ध धर्मगुरूंनी जागतिक नेत्यांना हवामानविषयक निवेदन दिले होते. पृथ्वीवरचे सर्व जीवन एकमेकांवर अवलंबून आहे, हा त्यातला आशय. त्या विचाराचा गावपातळीवरचा अर्थ सोपा आहे. एकाच्या घरातला दिवा दुसऱ्याच्या शेतावर कुंपण घालून पेटणार नाही, हे पाहायचे. कोळसा जाणार आणि सौर येणार, हे आता जवळपास ठरलेले आहे. ते कोणत्या अटींवर येणार, हे अजून ठरायचे आहे. त्या अटी ज्या ग्रामसभेत आणि ज्या कार्यालयात ठरतात, तिथे आपली माणसे कागद घेऊन हजर असली पाहिजेत.